मराठीतून इंग्रजीत येताना होणाऱ्या चुका : कोणत्या क्रमाने सुधाराव्यात

इंग्रजी सुधारायचं ठरवलं की बरेच जण व्याकरणाचं पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतात. बारा काळांच्या तक्त्यापर्यंत पोचता पोचता उत्साह संपतो आणि रोजच्या लिहिण्या-बोलण्यातल्या चुका जिथल्या तिथे राहतात. ते पुस्तक जगातल्या सगळ्यांसाठी लिहिलेलं असतं. तुमच्या चुका मात्र तुमच्या मातृभाषेतून आलेल्या असतात. मराठीत अगदी शुद्ध असलेलं वाक्य आपण तसंच्या तसं इंग्रजीत नेतो आणि तिथे ते अडखळतं. एकदा हे लक्षात आलं की चूक कुठून आली ते ओळखता येतं, आणि जी चूक ओळखता येते ती थांबवताही येते.

मी मराठी माध्यमातून शिकले, पुढे कामासाठी इंग्रजीत लिहू लागले आणि आता इतरांचा इंग्रजी मजकूर तपासते. खाली जो क्रम दिला आहे तो त्या अनुभवातून आला आहे. ज्या चुकांमुळे अर्थ बिघडतो किंवा वाचणारा लगेच थबकतो त्या आधी घेतल्या आहेत, आणि ज्या डोळ्याला फक्त खटकतात त्या नंतर.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- तुम्ही आधीच पाठवलेली इंग्रजी पत्रं, ईमेल किंवा अर्ज. दहा-बारा पुरेत.
- एक वही. पानाचे तीन रकाने करा : मी काय लिहिलं, बरोबर काय, आणि मनात कोणतं मराठी वाक्य होतं.
- इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी बनवलेला इंग्रजी-इंग्रजी शब्दकोश. छापील असो वा फोनवरचा.

शब्दकोशाबद्दल थोडं सांगायला हवं. इंग्रजी ज्यांची मातृभाषा आहे त्यांच्यासाठीचा कोश शब्दाचा अर्थ सांगतो, पण तो शब्द वाक्यात कसा बसवायचा हे सांगत नाही, कारण त्याच्या वाचकाला ते माहीतच असतं. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवत होते तेव्हा त्यांना हीच अडचण दिसली. त्यांनी सहकाऱ्यांसोबत खास परक्या विद्यार्थ्यांसाठी तयार केलेला कोश १९४२ मध्ये टोकियोत छापला गेला, आणि अशा कोशांची परंपरा तिथून रुळली. या कोशांत नाम मोजता येणारं आहे की नाही, क्रियापदानंतर काय येतं, शब्द कोणत्या शब्दाबरोबर जातो, हे सगळं खुणांनी दिलेलं असतं. त्या खुणांचा अर्थ कोशाच्या सुरुवातीच्या पानांत असतो. तो आधी वाचा.

पुढची इंग्रजी उदाहरणं मोठ्याने म्हणा. कान डोळ्यापेक्षा लवकर शिकतो.

१. आधी स्वतःच्या चुकांची यादी करा

जुनी पत्रं काढा आणि चुका शोधा. मुद्दाम नवा उतारा लिहून तपासू नका. तपासणीसाठी लिहिताना आपण सावध असतो, त्यामुळे खऱ्या सवयी दिसत नाहीत. ज्यांचं इंग्रजी बरं आहे अशा एखाद्या व्यक्तीकडून एकदाच खुणा करून घ्या. मग प्रत्येक खुणेपुढे एक नाव लिहा : क्रियापद, वाक्यरचना, आर्टिकल (अ, ॲन, द), प्रीपोझिशन (‘इन’, ‘ऑन’, ‘ॲट’ असे शब्द), शब्दाची निवड, स्पेलिंग.

चुका शेकडो वाटत असल्या तरी त्याच त्या पाच-सहा पुन्हा पुन्हा झालेल्या दिसतील. त्याच तुमच्या. बाकीचं व्याकरण सध्या बाजूला ठेवलं तरी चालेल.

२. क्रियापद

सगळ्यांत जास्त वेळ इथे द्या. क्रियापद चुकलं की ‘कधी’ आणि ‘कोणी’ या दोन्ही गोष्टी डळमळतात.

*‘डिड’ आणि ‘डझ’.* ‘आय डिडन्ट वेंट’, ‘डिड यू सॉ हिम?’, ‘शी डझन्ट नोज’ या तिन्हींत दोष एकच आहे. काळाची किंवा कर्त्याची खूण ‘डिड’ वा ‘डझ’ने आधीच घेतली आहे, म्हणून मुख्य क्रियापद मूळ रूपात परत जातं : ‘आय डिडन्ट गो’, ‘डिड यू सी हिम?’, ‘शी डझन्ट नो’. वाक्यात खूण एकदाच लागते, एवढं धरून ठेवा.

*‘आहे’ची घुसखोरी.* आपलं वर्तमानकाळाचं वाक्य बहुधा ‘आहे’वर संपतं : मला माहीत आहे, मला दोन भाऊ आहेत. म्हणून इंग्रजीत ‘ॲम’ किंवा ‘आर’ आपोआप येतो आणि ‘आय ॲम नोइंग’, ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ अशी वाक्यं तयार होतात. माहीत असणं, आवडणं, हवं असणं, मालकीचं असणं या स्थिती आहेत, चालू असलेली कृती नाही. त्यांना सहसा ‘आयएनजी’ लावत नाहीत. ‘आय नो’, ‘आय हॅव टू ब्रदर्स’, ‘दिस बिलाँग्ज टु हर’. मात्र ‘वी आर हॅविंग अ मीटिंग’ बरोबर आहे, कारण बैठक ही खरोखर चालू असलेली कृती आहे. तेव्हा शब्द पाठ न करता स्वतःला विचारा : या क्षणी काही घडतंय, की नुसतं तसं आहे?

*‘पासून’चे दोन अर्थ.* ‘मी पाच वर्षांपासून इथे काम करतोय’ याचं आपण ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स फाइव्ह इयर्स’ करतो. यात दोन चुका एकत्र आहेत. मागे सुरू होऊन अजून चालू असलेल्या गोष्टीसाठी इंग्रजी ‘हॅव बीन’ची रचना वापरतं, आपल्या ‘करतोय’मध्ये हा फरक दिसत नाही. शिवाय मराठी ‘पासून’ दोन्हीकडे चालतो : ‘२०१९ पासून’ आणि ‘पाच वर्षांपासून’. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण असेल तर ‘सिन्स’ आणि कालावधी असेल तर ‘फॉर’. म्हणून ‘आय हॅव बीन वर्किंग हिअर फॉर फाइव्ह इयर्स’ किंवा ‘सिन्स टू थाउजंड नाइन्टीन’. नोकरीच्या अर्जात हे वाक्य हमखास येतं, तेव्हा ते आजच पक्कं करा.

*काल घडलेली गोष्ट.* ‘आय हॅव सीन हिम यस्टरडे’ चूक, ‘आय सॉ हिम यस्टरडे’ बरोबर. काल, गेल्या वर्षी, दोन दिवसांपूर्वी असा संपलेला वेळ सांगितला की ‘हॅव’ जातो. ‘आय हॅव सीन हिम’ एवढंच म्हणायचं असेल आणि कधी ते महत्त्वाचं नसेल, तर ते ठीक.

*‘तो येईल तेव्हा’.* मराठीत दोन्ही भागांत भविष्यकाळ येतो : तो येईल तेव्हा मी सांगेन. इंग्रजीत वेळ किंवा अट सांगणाऱ्या भागात ‘विल’ येत नाही : ‘व्हेन ही कम्स, आय विल टेल हिम’. ‘इफ’, ‘बिफोर’, ‘आफ्टर’, ‘अंटिल’, ‘ॲज सून ॲज’ या सगळ्यांना हेच लागू. कराराच्या किंवा सूचनांच्या मजकुरात ही चूक फार वेळा सापडते.

३. वाक्याचा सांगाडा

‘स्टेशन कुठे आहे?’ आणि ‘स्टेशन कुठे आहे ते सांगाल का?’ या दोन्हींत ‘स्टेशन कुठे आहे’ हे शब्द जागचे हलत नाहीत. इंग्रजीत हलतात. एकटा प्रश्न असेल तर ‘व्हेअर इज द स्टेशन?’, पण तोच प्रश्न मोठ्या वाक्याच्या पोटात गेला की ‘कॅन यू टेल मी व्हेअर द स्टेशन इज?’. ‘आय डोन्ट नो व्हॉट इज हिज नेम’ हेही याच कारणाने चुकतं. ‘व्हॉट हिज नेम इज’ हवं. चांगलं इंग्रजी लिहिणाऱ्यांच्याही ईमेलमध्ये ही चूक राहून जाते. ‘टेल मी’, ‘आय डोन्ट नो’, ‘आय वंडर’, ‘प्लीज चेक’ यांच्यानंतर प्रश्नार्थक शब्द आला की थांबून क्रम पाहा.

जोडीने येणाऱ्या आपल्या अव्ययांमुळे दुसरी चूक होते. ‘जरी’ला ‘तरी’ लागतो आणि ‘जर’ला ‘तर’. इंग्रजीत मात्र एकच बाजू बांधतात. ‘ऑल्दो ही वॉज टायर्ड, बट ही वर्क्ड’ यातला ‘बट’ काढा, किंवा ‘ऑल्दो’ काढा. ‘बिकॉज’ने सुरू केलेल्या वाक्यात पुढे ‘सो’ नको.

वाक्याच्या शेवटी येणारा ‘ना?’ मराठीत कुठेही चालतो, म्हणून ‘यू आर कमिंग, इझन्ट इट?’ असं तोंडात येतं. इंग्रजीत ते शेपूट आधीच्या क्रियापदाप्रमाणे बदलतं : ‘यू आर कमिंग, आरन्ट यू?’, ‘शी लेफ्ट, डिडन्ट शी?’. बोलताना हे घाईत जमत नसेल तर शेवटी ‘राइट?’ म्हणा. औपचारिक लेखनात मात्र ते नको.

नकारार्थी प्रश्नाचं उत्तर ही खरी धोक्याची जागा आहे, कारण तिथे निरोपच उलटा पोचतो. ‘तुम्हाला पत्र मिळालं नाही ना?’ याला आपण ‘हो, नाही मिळालं’ म्हणतो. आपला ‘हो’ समोरच्याच्या बोलण्याला दुजोरा देतो. इंग्रजीतला ‘येस’ वस्तुस्थितीकडे पाहतो : मिळालं असेल तर ‘येस, आय डिड’, नसेल तर ‘नो, आय डिडन्ट’. फोनवर नुसतं ‘येस’ म्हणून थांबलात तर ऐकणारा पत्र मिळालं असं धरून चालेल. म्हणून अशा वेळी एका शब्दात उत्तर देऊ नका. पूर्ण वाक्य म्हणा.

आणखी एक, आपल्या ‘च’विषयी. ‘मी इथेच आहे’ याचं ‘आय ॲम हिअर ओन्ली’ होत नाही. असा जोर इंग्रजी आवाजातून देतं, किंवा ‘राइट हिअर’ म्हणतं. ‘ओन्ली’ म्हणजे फक्त, आणि तो ज्या शब्दाला मर्यादा घालतो त्याच्या जवळ ठेवावा लागतो.

४. अ, ॲन, द

मराठीत आर्टिकल नाहीत, त्यामुळे इथे आधाराला काहीच नसतं. नियमांची लांबलचक यादी पाठ करण्यापेक्षा प्रत्येक नामापाशी तीन प्रश्न विचारण्याची सवय लावा.

पहिला : ऐकणाऱ्याला नेमकं कोणतं ते ठाऊक आहे का? असेल तर ‘द’. ‘प्लीज क्लोज द डोअर’ म्हणताना कोणतं दार ते दोघांनाही कळतं. ‘द सन’, ‘द बेस्ट आन्सर’ हेही याचमुळे, कारण ते एकमेव आहेत.

दुसरा : ठाऊक नसेल तर, हे नाम मोजता येतं का? येत नसेल तर अ किंवा ॲन लागणार नाही.

तिसरा : मोजता येतं, तर ते एकच आहे का? एक असेल तर अ किंवा ॲन लावायलाच हवा. ‘आय ॲम इंजिनिअर’ अपुरं आहे. ‘आय ॲम ॲन इंजिनिअर’ हवं. अनेक असतील तर काहीच नको.

दुसऱ्या प्रश्नाशी सगळे अडखळतात. मराठीत ‘सल्ला’, ‘बातमी’, ‘सामान’ आपण सहज मोजतो. इंग्रजीत ‘इन्फर्मेशन’, ‘ॲडव्हाइस’, ‘फर्निचर’, ‘लगेज’, ‘इक्विपमेंट’, ‘होमवर्क’, ‘फीडबॅक’, ‘सॉफ्टवेअर’ यांना अनेकवचनाचा ‘एस’ लागत नाही आणि आधी ‘अ’ही लागत नाही. एकच सांगायचं असेल तर ‘अ पीस ऑफ ॲडव्हाइस’. ‘न्यूज’ला शेवटी एस असला तरी क्रियापद एकवचनी : ‘द न्यूज इज गुड’. ही नामं वहीच्या शेवटच्या पानावर लिहून ठेवा आणि नवीन सापडलं की कोशातली खूण पाहून भर घाला.

अ की ॲन हे ठरवायला देवनागरी फार मदत करते. पुढचा शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल तर ॲन, व्यंजन असेल तर अ. ‘अवर’, ‘ऑनेस्ट’, ‘एमबीए’ यांच्या आधी ॲन. ‘युनिव्हर्सिटी’, ‘युरोपियन’, ‘वन-वे’ यांच्या आधी अ. इंग्रजी स्पेलिंगमधलं पहिलं अक्षर पाहू नका, ते फसवतं. फक्त ‘इयर’ सांभाळा : लिहिताना आपण इ लिहितो, पण उच्चार ‘यिअर’ असा आहे, म्हणून ‘अ यिअर’.

५. प्रीपोझिशन

आपले ‘ला’, ‘शी’, ‘वर’, ‘बद्दल’ शब्दाला चिकटून येतात आणि मनात त्यांच्या ठरावीक इंग्रजी जोड्या तयार असतात : वर म्हणजे ऑन, शी म्हणजे विथ. चूक तिथूनच होते. ‘माझ्यावर रागावली’ म्हणून ‘अँग्री ऑन मी’. हवं ‘अँग्री विथ मी’. ‘त्याच्याशी लग्न झालंय’ म्हणून ‘मॅरीड विथ हिम’. हवं ‘मॅरीड टु हिम’. ‘मला समजावून सांगा’ म्हणून ‘एक्सप्लेन मी’. हवं ‘एक्सप्लेन इट टु मी’. ‘गणितात हुशार’ म्हणून ‘गुड इन’. हवं ‘गुड ॲट मॅथ्स’. यामागे तर्क शोधण्यात वेळ घालवू नका. शब्द लिहून घ्याल तेव्हा त्याच्या प्रीपोझिशनसकट लिहा, म्हणजे तो तसाच आठवेल.

एका गटामागे मात्र स्पष्ट नियम आहे. ‘डिस्कस अबाउट’, ‘रिक्वेस्ट फॉर’, ‘एम्फसाइझ ऑन’, ‘ऑर्डर फॉर’ या चुका का होतात? कारण हेच शब्द नाम म्हणून आले की प्रीपोझिशन बरोबर असतं : ‘अ डिस्कशन अबाउट द प्लॅन’, ‘अ रिक्वेस्ट फॉर लीव्ह’, ‘एम्फसिस ऑन क्वालिटी’. क्रियापद झाले की ते कर्माला थेट धरतात : ‘वी डिस्कस्ड द प्लॅन’, ‘आय रिक्वेस्टेड लीव्ह’. मजकूर तपासताना हे शब्द दिसले की आधी नाम की क्रियापद ते ठरवा.

‘सीनिअर’, ‘ज्युनिअर’, ‘सुपीरिअर’ हे लॅटिनमधून आलेले तुलनावाचक शब्द आहेत. त्यांच्यापुढे ‘दॅन’ येत नाही, ‘टु’ येतो. ‘रिटर्न’ आणि ‘रिपीट’ यांना ‘बॅक’ किंवा ‘अगेन’ जोडू नका, तो अर्थ त्यांच्यातच आहे. ‘कोप अप विथ’मधला ‘अप’ही फुकटचा आहे.

वेळेसाठी : घड्याळाच्या वेळेला ‘ॲट’, दिवस-तारखेला ‘ऑन’, महिना-वर्षाला ‘इन’. ‘काल रात्री’ म्हणजे ‘लास्ट नाइट’ आणि ‘आज सकाळी’ म्हणजे ‘धिस मॉर्निंग’. ‘यस्टरडे नाइट’, ‘टुडे मॉर्निंग’ ही सरळ मराठीची नक्कल आहे.

पत्राच्या शेवटी ‘आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु मीट यू’ लिहिलेलं नेहमी दिसतं. इथला ‘टु’ प्रीपोझिशन आहे, म्हणून पुढे ‘मीटिंग यू’ हवं.

६. एका मराठी शब्दामागे दोन इंग्रजी शब्द

- सांगणे : ‘टेल’ला ऐकणारा लागतो, ‘से’ला लागत नाही. ‘ही टोल्ड मी’, ‘ही सेड दॅट’. ‘ही सेड मी’ नको.
- पाहणे : सहज नजरेला पडलं तर ‘सी’, मुद्दाम नजर वळवली तर ‘लुक ॲट’, हलत-बदलत असलेलं काही वेळ पाहिलं तर ‘वॉच’.
- उसनं : देणारा ‘लेंड’ करतो, घेणारा ‘बॉरो’ करतो. ‘कॅन यू बॉरो मी युअर पेन’ याचा अर्थच लागत नाही.
- ठेवणे : एखाद्या जागी ठेवायचं तर ‘पुट’. जवळ बाळगायचं किंवा तसंच राहू द्यायचं तर ‘कीप’.
- परीक्षा देणे : ‘गिव्ह’ म्हटलं की परीक्षा घेणारे तुम्ही ठरता. विद्यार्थी परीक्षा ‘टेक’ करतो.
- शंका : ‘आय हॅव अ डाउट’ ऐकून परक्या माणसाला वाटेल की तुमचा विश्वास बसलेला नाही. विचारायचंय म्हणून सांगायचं असेल तर ‘आय हॅव अ क्वेश्चन’.
- कंटाळा : ‘आय ॲम बोरिंग’ म्हणजे मी कंटाळवाणा आहे. कंटाळा आला असेल तर ‘आय ॲम बोअर्ड’. ‘इंटरेस्टेड’ आणि ‘इंटरेस्टिंग’चंही असंच.

‘करणे’ला ‘डू’ की ‘मेक’ याला पूर्ण लागू पडेल असा नियम नाही. ‘मेक अ मिस्टेक’, ‘मेक अ डिसिजन’, ‘डू होमवर्क’ हे जोडीनेच लक्षात ठेवा.

७. स्पेलिंगच्या जोड्या

यांवर फार वेळ नको. ‘लूझ’ म्हणजे हरवणे, त्यात एकच ओ. ‘लूस’ म्हणजे सैल, त्यात दोन. ‘ॲडव्हाइस’ हे नाम सी घेतं, ‘ॲडव्हाइझ’ हे क्रियापद एस. ‘इट्स’मध्ये वर स्वल्पविराम द्यायचा की नाही हे कळेना, तर तिथे ‘इट इज’ किंवा ‘इट हॅज’ वाचून पाहा. वाक्य जमलं तर द्या, नाहीतर देऊ नका. ‘दॅन’ तुलनेसाठी आणि ए घालून, ‘देन’ नंतर या अर्थी आणि ई घालून. स्पेलिंग तपासणाऱ्या सॉफ्टवेअरवर इथे विसंबू नका. चुकीच्या जागी पडलेला शब्द त्याच्या दृष्टीने शुद्धच असू शकतो.

‘कलर’ हा शब्द यूसकट किंवा यूशिवाय दोन्ही चालतो. यू असलेलं ब्रिटिश, नसलेलं अमेरिकी. अमेरिकी कोशकार नोआ वेबस्टर यांच्या १८२८ च्या कोशाने अमेरिकी स्पेलिंग बरंचसं वेगळं झालं. एका मजकुरात एकच पद्धत ठेवा.

८. कशावर वेळ घालवू नये

वाक्य प्रीपोझिशनवर संपवू नये, हा आक्षेप इंग्रज कवी जॉन ड्रायडन यांनी १६७२ मध्ये घेतला आणि पुढे तो शाळांमधून शिकवला गेला. चांगले इंग्रजी लेखक तेव्हाही तशी वाक्यं लिहीत होते, आजही लिहितात. ‘अँड’ किंवा ‘बट’ने वाक्य सुरू करण्यातही चूक नाही. व्यक्ती पुरुष की स्त्री हे माहीत नसताना एकवचनी अर्थाने ‘दे’ वापरणं चौदाव्या शतकापासून चालत आलं आहे.

‘प्रीपोन’सारख्या शब्दांवरून स्वतःला दोष देऊ नका. ते भारतीय इंग्रजी म्हणून कोशांत नोंदलेले आहेत. प्रश्न फक्त वाचणारा कोण, हा आहे. परदेशी वाचकाला ‘रिव्हर्ट’चा ‘उत्तर द्या’ हा अर्थ कळेलच असं नाही, म्हणून तिथे ‘रिप्लाय’ लिहा. ‘डू द नीडफुल’ मी कुणालाच लिहू देत नाही, आणि त्याचं कारण व्याकरण नाही. नेमकं काय करायचं ते त्यात सांगितलेलंच नसतं. ‘अपडेशन’ मात्र टाळा. ‘अपडेट’ हेच नामही आहे.

९. पाठवण्याआधी कसं तपासायचं

सगळ्या चुका एका वाचनात शोधायला गेलात तर निम्म्या सुटतील. एका फेरीत एकच गोष्ट पाहा. पहिल्या फेरीत फक्त क्रियापदांखाली रेघ मारा आणि प्रत्येकाला विचारा : कर्ता कोण, वेळ कोणती? ‘वन ऑफ माय फ्रेंड्स’नंतर क्रियापद एकवचनी हवं आणि ‘फ्रेंड्स’ अनेकवचनी, हे या फेरीत सापडतं. दुसऱ्या फेरीत फक्त नामं घेऊन आर्टिकलचे तीन प्रश्न विचारा. तिसऱ्या फेरीत मजकूर मोठ्याने वाचा. जिथे श्वास पुरत नाही तिथे वाक्य तोडा.

व्याकरण तपासणाऱ्या ॲपने काही बदल सुचवला तर कारण कळल्याशिवाय तो स्वीकारू नका. कारण कळलं तर ते वहीतल्या तिसऱ्या रकान्यात लिहा. कारण सापडत नसेल तर वाक्य सोपं करून पुन्हा लिहा.

दर आठवड्याला यादीतली एकच चूक निवडा आणि त्या आठवड्यात फक्त तिच्यावर लक्ष ठेवा. ती चूक आपोआप टळू लागली असं वाटलं तरी लगेच खोडू नका. घाईत लिहिलेला एखादा संदेश काढून पाहा. तिथेही ती नसेल तेव्हा तिच्यावर रेघ मारा आणि पुढची घ्या.